मूठ सुटेपर्यंत

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या धर्मादाय रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख माननीय उकंडरावजी. वर्ग सोडून आवर्जून आलेले आमचे प्रमुख पाहुणे, हायस्कूलचे मुख्याध्यापक माननीय रामरावजी. व्यासपीठावरील सन्माननीय विश्वस्त आणि डॉक्टर मंडळी. उंद्रीहून आलेले किसनराव आणि गीताबाई, म्हणजे आज जिला आपण निरोप देतो आहोत त्या रुख्मिणीचे आईवडील. देऊळगाव राजा आणि आसपासच्या गावांतून जमलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो. आणि भिंतीला कुबड्या टेकवून मागच्या बाकांवर बसलेल्या माझ्या रुग्ण मंडळींनो, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

अध्यक्षांनी मघाशी पायऱ्या चढतानाच मला सांगितले, "सिंधूताई, आज जरा आवरतं घेजा. तुमी हाडापासून सुरू करता अन् मानसापर्यंत येईस्तोवर चहा गार होते." अध्यक्षांची सूचना शिरसावंद्य आहे. परंतु व्यायामोपचार शिकवणाऱ्या बाईला हाडापासून सुरुवात करू नका असे सांगणे म्हणजे गवंड्याला पाया न खणता भिंत उभारायला सांगण्यासारखे आहे. तेव्हा चहाची क्षमा मागून मी माझ्या रीतीनेच बोलणार आहे.

रुख्मिणी उद्या सकाळी जालन्याच्या बसने निघेल आणि तेथून मनमाडमार्गे मुंबईला जाईल. एका मोठ्या रुग्णालयाला जोडलेल्या विद्यालयात व्यायामोपचाराच्या अभ्यासक्रमासाठी तिची निवड झाली आहे आणि त्या अभ्यासक्रमाच्या शेवटी तेथेच राहून करायची निवासी उमेदवारीही तिला मिळाली आहे. आपल्या जिल्ह्यातून या कामासाठी जाणारी, निदान माझ्या माहितीत तरी, ती पहिलीच मुलगी. आनंदाची गोष्ट आहे आणि आपण सारे आनंदात आहोत. पण गेल्या महिन्यापर्यंत हा समारंभ होईल याची मला खात्री नव्हती. वडील तयार होते, आई तयार होती, ट्रंक आणून ठेवली होती, आणि रुख्मिणी म्हणत होती, "बाई, मले जाता येत नाई. मले सोडलं नाई."

तिला कोणी सोडले नव्हते, हे सांगण्यासाठी मी उभी आहे. ज्यांच्याविषयी सांगायचे ते नारायणराव येथे बसले आहेत. त्यांची परवानगी मी घेतली आहे. ते म्हणाले, "सांगा, बाई. लोक म्हनतात मले भूत लागलं. तुमी सांगसान तं ते डाक्टरी होईल." नारायणराव, डाक्टरी किती होईल ते मला माहीत नाही. प्रयत्न करते.

आधी आमचे काम काय, ते पाहू. शस्त्रवैद्य माणसाला वाचवतो. टाके निघतात, जखम भरते, नातेवाईक नारळ फोडतात आणि माणूस घरी जातो. तेथे गोष्ट संपते का? मोडलेला पाय जोडला गेला, पण तो जमिनीवर टेकवायला कोणी शिकवायचे? तापातून उठलेल्या मुलाचा पाय लुळा पडला, तो पट्ट्यांच्या आधाराने शाळेच्या पायऱ्या कशा चढेल? हात गेला, तर भाकर कशी मोडायची आणि सदऱ्याची गुंडी कशी लावायची? वाचणे आणि जगणे यांच्यामधल्या या लांबलचक रस्त्यावर आमचे काम चालते. या रस्त्यावर रुग्णाबरोबर चालणारी माणसे आपल्या नव्या राज्यात फार थोडी आहेत आणि वऱ्हाडात तर विचारूच नका.

किसनराव पहिल्यांदा मुलीला घेऊन आले तेव्हाचा आमचा संवाद मला आठवतो. त्यांनी आमची खोली पाहिली. सुताराने करून दिलेले लाकडी कठडे पाहिले, भिंतीला टांगलेल्या वाळूच्या पिशव्या पाहिल्या आणि मला म्हणाले, "बाई, मालिश तं आमच्या गावचा न्हावी बी करते. त्याच्यासाठी मॅट्रिक पोरगी काऊन पायजे?" मी त्यांना बसवले आणि त्यांच्याच खांद्यावर, कोणता स्नायू कोठून निघतो आणि कोठे जाऊन मिळतो, हे समजावले. मी बराच वेळ समजावत होते. शेवटी ते म्हणाले, "पटलं. तिले ठेवा. पन माहा खांदा सोडा."

आमच्या विभागात मुंबईला जाण्याआधी एक वर्ष उमेदवारी करावी लागते. ही अट माझी आहे. पहिल्या काही आठवड्यांत उमेदवाराने रुग्णाला हात लावायचा नसतो. फक्त पाहायचे. माणूस बाकावरून उठताना आधी कोणता पाय मागे घेतो, पाण्याचा तांब्या कोणत्या हाताने उचलतो, दुखते म्हणताना श्वास कोठे अडतो. मग एकमेकींचे हातपाय हाताळायचे. एकीने डोळे मिटून पडायचे आणि दुसरीने तिचा हात उचलायचा. उचललेला हात निजलेल्या मुलासारखा जड झाला, तर समजावे की तिने विश्वास टाकला. हे साधल्याशिवाय रुग्ण मिळत नाही. रुख्मिणीला ते सर्वांत लवकर साधले. तिच्या हाती आपला हात दिला की तो आपला राहत नसे. हे मी तेव्हा कौतुकाने म्हणत असे.

आणि निवासी उमेदवारी कशासाठी? हा प्रश्न गीताबाईंनी विचारला होता आणि तो योग्यच होता. पोर दिवसभर शिकेल, पण रुग्णालयातच राहायचे कशासाठी? कारण सांधा सकाळी उठल्यावर जसा धरलेला असतो तसा तो दुपारी नसतो. कारण रुग्ण आपल्यासमोर चांगला चालून दाखवतो आणि आपण पाठ वळवली की भिंत धरतो. तो जेवतो कसा, कूस कशी बदलतो, नातेवाईक गेल्यावर त्याचा चेहरा कसा होतो, हे पाहायचे तर तेथेच राहावे लागते. पुस्तकातून अवयव कळतात. माणूस कळायला त्याच्याजवळ मुक्काम करावा लागतो. अशा जागा मुंबईत आहेत, त्यांना विद्यावेतनही आहे, आणि विदर्भातून अर्जच जात नाहीत. सभागृहात मॅट्रिक झालेल्या मुली बसलेल्या मला दिसत आहेत, मुलगेही दिसत आहेत. समारंभ संपल्यावर मला भेटा. मी येथेच आहे.

आता नारायणरावांकडे येते.

नारायणराव हे गावाबाहेरच्या मळ्यात वांगी, मिरची, कांदा पिकवणारे गृहस्थ. विहिरीवर त्यांनी तेलाचे इंजिन बसवले. मागच्या उन्हाळ्यात चालत्या इंजिनाच्या पट्ट्यात त्यांच्या सदऱ्याची बाही अडकली आणि उजवा हात गेला. मोठ्या शहरातल्या शस्त्रवैद्यांनी कोपराखाली हात काढला आणि जीव वाचवला. त्या घराची एक रीत आहे. शरीराचा भाग परक्या जागी टाकून यायचे नाही, आपल्याच मातीला द्यायचा. त्यांच्या मातोश्री सोजराबाईंनी तो हात मागून घेतला, मीठ लावले, फडक्यात गुंडाळला आणि मळ्याच्या बांधावर पुरला.

जखम छान भरली. आणि मग नारायणराव आमच्याकडे आले ते तक्रार घेऊन, की हात दुखतो. कोणता, असे विचारले तर म्हणाले, "गेला तो." मूठ आवळलेली आहे, नखे तळव्यात रुतली आहेत, उघडू म्हटले तर उघडत नाही.

यात भुताटकी काही नाही, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितले आणि आपणा सर्वांनाही सांगते. घरातले माणूस कायमचे गेले, तरी ताटे मांडताना आपला हात एक ताट जास्त घेतो की नाही? मेंदूचे तसेच आहे. हात गेला, पण मेंदूत त्या हाताचे ताट मांडलेले असते. मेंदू मूठ उघडण्याचा हुकूम पाठवतो, तिकडून काहीच उत्तर येत नाही, म्हणून तो पुन्हा पाठवतो, आणखी जोरात. ती ओढ वेदना होऊन परत येते. आजचे शास्त्र साधारणपणे असे मानते. यावर एक उपायही सांगितलेला आहे. रुग्णाने डोळे मिटून, नसलेला हात मनाने हलवायचा, एकेक बोट उघडायचे. मी हे वर्गात एका वाक्यात शिकवले होते.

सोजराबाईंना माझे शास्त्र पटले नाही. त्यांचे म्हणणे सरळ होते. "मूठ म्या बांधली. फडकं घट्ट आवळलं, कोल्ह्यानं उकरू नये म्हनून. गाठीवर गाठ मारली. ते आवळलेलं त्याले लागून राह्यलं." मग उकरून सोडवा, असे घरच्यांनी ठरवले. पण मधल्या पावसाळ्यात ओढ्याचे पाणी शिरून बांध फुटला होता आणि माती वाहून गेली होती. जागा सापडेना. सोजराबाई कुदळ घेऊन बांधाने फिरत राहिल्या. येथे खण, तेथे खण. शेजारचे लोक त्यांना हाक मारायला भिऊ लागले. जागा सापडत नाही हे कळले त्या दिवसापासून त्या आमच्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. मुलाला सोडायच्या आणि बाहेर लिंबाखाली बसायच्या.

नारायणराव रुख्मिणीचे रुग्ण झाले. मनाने बोटे उघडणे त्यांना जमेना. तेव्हा तिने एक गोष्ट केली, जी मी शिकवली नव्हती. ती त्यांच्यासमोर स्टुलावर बसली, आपला डावा हात पुढे केला आणि विचारले, "भाऊ, कुठं हाये? इथं?"

ते म्हणाले, "जरा खाली. हाव. तिथं."

हवेत. जेथे काहीच नव्हते तेथे तिने खालून आपला तळवा लावला आणि दुसऱ्या हाताने करंगळीपासून बोटे उघडू लागली. अगदी सावकाश, खऱ्या ताठरलेल्या हाताची उघडावी तशी, प्रत्येक पेराला थांबून. मी दारात उभी होते. अंगठा उघडला तेव्हा नारायणरावांचे खांदे खाली आले आणि त्यांनी जो श्वास सोडला तो मी वर्णन करून सांगू शकत नाही. त्या दुपारी ते बाकावरच झोपले.

मला काय आनंद झाला असेल, आपण कल्पना करा. मी तिला म्हटले, रुख्मिणी, मुंबईचे प्राध्यापकसुद्धा हे पाहायला येतील.

मूठ दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळलेली असे, आणि ती रोज उघडावी लागे. गावात कुजबुज सुरू झाली की किसनरावांची पोरगी परक्या गड्याचा हात धरून बसते. ती उंद्रीपर्यंत पोहोचली. कोणीतरी किसनरावांना पारावर टोमणा मारला. किसनराव शांतपणे म्हणाले, "ज्याले हातच नाई त्याचा हात धरला. पंचायत बसवा अन् सांगा मले कोनता हात धरला ते." हशा झाला आणि विषय मिटला. आपणही हसलात. मीही हसले होते.

पुढे एकदा नारायणराव म्हणाले, "बाई, आता मूठ स्वतःले आवळत नाई. तिनं रुखमीचा हात धरला हाये." मला वाटले, ही प्रगतीच आहे. दुसऱ्या दिवशी रुख्मिणी वेणी घालताना मला दिसली. ती एकाच हाताने वेणी घालत होती. डावा हात मांडीवर, तळवा वर, बोटे किंचित मिटलेली, जशी कोणाचा हात हातात असताना मिटतात तशी.

मी विचारले. ती म्हणाली, "सोडत नाई, बाई. जेवतानाही सोडत नाई."

बंधूंनो आणि भगिनींनो, मी तिला समजावले. रोज तासभर हात हवेत अधांतरी धरल्याने दंडाचे आणि मनगटाचे स्नायू थकतात. थकलेला स्नायू ओढल्याचा भास देतो. शिवाय सततच्या एकाग्रतेने मन तीच स्थिती धरून ठेवते. मी आकृती काढून दाखवली. तिने सगळे ऐकले, मान हलवली आणि विचारले, "बाई, समजलं. मंग त्याले घाम काऊन येते?"

मी तिचा तळवा पाहिला. तो ओला होता. हिवाळ्याचे दिवस होते.

घामाचेही स्पष्टीकरण आहे. भीतीने तळव्याला घाम येतो आणि तो तिचाच असणार. हे मी तिला सांगितले. तिने तळवा पदराला पुसला आणि पुन्हा तसाच मांडीवर ठेवला.

मुंबईच्या निवडीचे कळले ते याच सुमारास. त्या बातमीने विभागात पेढे वाटले गेले आणि रुख्मिणीने पेढा उजव्या हातात धरून तसाच ठेवला. ती म्हणाली, मी गेले तर भाऊंचा हात कोण उघडेल? आणि मला सोडेल कोण? नारायणरावांनी हे ऐकले. ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "पोरी, तू जाय. म्या काय मुद्दाम धरलं हाये काय? तुह्या आयुष्याचं वाटोळं करून मले काय भेटते? पन मले सोडता येत नाई. मी सोड म्हनतो, तं तो आनखी धरते."

यावर उपाय एकच होता. दुसऱ्या कोणी ते काम हाती घ्यायचे. दुसऱ्या उमेदवार मुलीने करून पाहिले, घरच्या इतर मंडळींनी करून पाहिले. शेवटी मी स्टुलावर बसले. इतकी वर्षे मी हे शास्त्र शिकवते आहे. मी तळवा लावला, नीट अंदाज घेऊन लावला. नारायणरावांनी डोळे मिटले, मग उघडले आणि ते फार संकोचाने म्हणाले, "बाई, वाईट नका मानू. तुमचा हात तं त्याच्यातून आरपार जाते."

माझ्यामागे उभ्या असलेल्या रुख्मिणीने त्याच क्षणी आपले मनगट चोळले. ते मी पाहिले. त्याचे स्पष्टीकरण मी शोधलेले नाही.

मुंबईला हजर व्हायचा दिवस जवळ येत होता. ती गेली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती आणि पुन्हा मिळण्याची शाश्वती नव्हती. किसनराव येऊन बसले. मुलीला रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "बाई, म्या तुमच्याकडे पोरगी शिकाले देल्ली. तुमी तिले अशी कशी बांधून ठेवली?" त्यांच्या खांद्याचा एकेक स्नायू मी त्यांना समजावला होता. मुलीच्या हाताविषयी मला एक वाक्यही सांगता येईना.

बांधून ठेवली. हा शब्द रुख्मिणीनेही ऐकला होता. दुपारी ती उठली आणि बाहेर लिंबाखाली गेली. सोजराबाई तेथे बसल्या होत्या. ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली. काय बोलणे झाले ते मला खिडकीतून ऐकू आले.

"माय, आत या."

"मी नाई येत. मह्या हातानं त्याले पीडा झाली."

"तुमी फडकं कसं बांधलं होतं, ते मले दाखवता का?"

म्हातारीने समोरची माती हाताने सारखी केली. मग म्हणाली, "दाखवून काय करतं? जागा तं वाहून गेली."

"जागा आत हाये," रुख्मिणी म्हणाली.

सोजराबाई उंबऱ्यापाशी थांबल्या. आपण देवळात शिरताना थांबतो तशा. मग आत आल्या आणि मुलासमोर बसल्या. मी त्यांना बोटे कशी उघडायची ते सांगू लागले, करंगळीपासून, पेरापेराने. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी मुलाला विचारले, "इथं?" तो म्हणाला, "हाव, माय."

आणि त्यांनी बोटांना हात लावला नाही. त्यांनी मनगटापाशी, हवेत, गाठ शोधली. गाठ घट्ट असावी, कारण त्यांनी नखाने ती आधी सैल केली. एक गाठ सुटली. खाली दुसरी होती. ती सुटेना, तेव्हा म्हातारी पुढे वाकली आणि तिने ती दातांत धरून ओढली, जशी आपण भिजलेली सुतळी ओढतो. मग फडक्याचा वेढा उलगडू लागली. एक वेढा, दुसरा, आणखी एक. मनगटाभोवती, तळव्याभोवती, अंगठ्याच्या बेचक्यातून. आम्ही इतके दिवस बोटे उघडत होतो, आणि वरून फडके बांधलेलेच होते. माझ्या ते कधी मनातच आले नाही. कोणत्या पुस्तकात येणार? ते फडके फक्त तिला ठाऊक होते.

शेवटचा वेढा निघाला. नारायणराव म्हणाले, "सुटली."

एवढेच म्हणाले, आणि रडू लागले. बोटे कोणी उघडली नाहीत. ती आपोआप उघडली, असे ते सांगतात.

मी रुख्मिणीकडे पाहिले. ती आपल्या डाव्या हाताकडे पाहत होती. तिने तो हलके मागे घेतला, जसा आपण झोपलेल्या मुलाच्या मुठीतून बोट काढून घेतो, ते जागे होईल की काय या भीतीने. मग तिने दोन्ही हातांनी पदर सावरला.

याचेही स्पष्टीकरण आहे आणि मी ते देणे माझे कर्तव्य समजते. आईच्या मनातली टोचणी मुलाने उचलली होती. तिच्या हातून गाठ सुटल्याने त्याचे मन सैल झाले, मन सैल झाले म्हणून स्नायू सैल झाले, आणि रुख्मिणीचाही जीव मोकळा झाला. हे स्पष्टीकरण बरोबर आहे. मी ते कोणत्याही परिषदेत मांडीन. नारायणरावांचे दुखणे संपूर्ण गेलेले नाही. हवा पालटली की मूठ थोडी आखडते. मग सोजराबाई घरीच तिच्यावरून हात फिरवतात, आणि आता त्या बांधाने फिरत नाहीत. नातेवाइकाला उपचार शिकवून रुग्णाला घरी पाठवणे हा आमच्या विद्येचा शेवटचा धडा असतो. तो मुंबईत फार उशिरा शिकवतात. रुख्मिणी तो येथूनच शिकून निघाली आहे.

पण एक गोष्ट राहिली, आणि ती सांगितल्याशिवाय मला बसता येणार नाही.

फडके सोडून झाल्यावर सोजराबाईंनी ते टाकून दिले नाही. त्यांनी ते दोन्ही हातांनी झटकले, मांडीवर पसरले, त्याच्या घड्या घातल्या आणि इकडेतिकडे पाहू लागल्या, की हे ठेवायचे कोठे. तेव्हा रुख्मिणी पुढे झाली, तिने दोन्ही तळवे पुढे केले आणि ते घेतले. ती ते घेऊन चालत गेली आणि वाळूच्या पिशव्यांच्या वरच्या फळीवर, कोपऱ्यात, तिने ते हलकेच ठेवले.

ती फळी आम्हांला नेहमी अपुरी पडते. तिच्यावर तेलाच्या बाटल्या असतात, कापसाचे गुंडाळे असतात, मुलांचे पट्टे असतात, आणि हल्ली ते एकमेकांवर रचून ठेवावे लागतात. कारण त्या कोपऱ्यात कोणी काही ठेवत नाही. उमेदवार मुली ठेवत नाहीत. झाडणारी बाई तेवढी जागा सोडून पुसते. परवा माझ्या हातात बाटली होती आणि दुसरीकडे तसूभर जागा नव्हती. मी विज्ञान शिकवते. मी ती बाटली जमिनीवर ठेवली.

रुख्मिणी, तू जा. तुझे हात मोकळे आहेत आणि मुंबईत फार माणसे वाट पाहत आहेत. नीट शिक, निवासी उमेदवारी पूर्ण कर, आणि परत इकडेच ये. कारण ती जागा रिकामी आहे असे म्हणायचे धाडस या विभागात फक्त तुलाच आहे, आणि तू येऊन तसे म्हणेपर्यंत आम्ही तेथे काही ठेवणार नाही.

अध्यक्ष महाराजांनी मला न थांबवता बोलू दिले, नारायणराव आणि सोजराबाईंनी घरातले दुःख चारचौघांत उघड करण्याची मुभा दिली, किसनराव आणि गीताबाईंनी आपली लेक आम्हांला दिली आणि आता आणखी दूर पाठवण्याचे बळ दाखवले, या सर्वांचे मी अंतःकरणपूर्वक आभार मानते. कोणाचे नाव घ्यायचे राहिले असेल, कोणाच्या दुखऱ्या जागी माझा शब्द लागला असेल, किंवा शिकवण्याच्या सवयीने मी आपणास विद्यार्थी समजले असेन, तर मोठ्या मनाने मला क्षमा करावी आणि आपला लोभ या विभागावर असाच राहू द्यावा. मी आपली रजा घेते.